अण्णा, सोयाबीन आणि जांभळा रोल

सातारा

प्रिय दिल्या,

आईचे गुडघे तसेच, अण्णांचं बीपी गोळीवर आहे, मी बरा. आता मुद्द्याचं. घरात हे कुणापुढे बोलायचं?

लोमोक्रोम पर्पलचा रोल पुण्याहून धुऊन आला. २०१३ साली निघालेली तीच रंग बदलणारी फिल्म, जिच्यावरून आपण चार भिंतीच्या टेकडीवर भांडलो आणि तू माझी भेळ संपवून निघून गेलास. हिरवं जांभळं होतं, निळं हिरवट, पिवळं गुलाबी. लाल लालच राहतं, म्हणून चेहरा बराचसा ओळखीचा येतो. उघडीप बघून अण्णांना माळावरच्या रानात सोयाबीनमध्ये उभं केलं होतं. काय फोटो आलाय रे! गुडघाभर जांभळं पीक आणि मधे अण्णा, अगदी आपले अण्णा. धुलाई साधीच, नेहमीच्या रंगीत निगेटिव्हची, सी-४१. पण लॅबवाल्याने स्कॅन करताना जांभळा म्हणजे बिघाड समजून रंग हिरव्याकडे ओढला होता. निगेटिव्ह शाबूत होती, पुन्हा स्कॅन करून घेतलं.

अण्णांनी प्रिंट हातात धरली. "ह्ये रान आपलं न्हाय," म्हणाले आणि खाली ठेवली.

दिल्या, रान दिवाळीनंतर जाणार. तात्यांनी शेवटी विकायचं ठरवलंच. म्हणजे आपल्या हातातलं हे शेवटचं पीक, आणि मी ते जांभळं करून ठेवलंय. झोप लागत नाही.

तू म्हणशील, कोडॅकच्या एरोक्रोम फिल्मचे खोटे रंग निदान कामाचे होते. मान्य. ती डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टिपायची. जिवंत पान इन्फ्रारेड भरपूर परत फेकतं म्हणून लाल यायचं, हिरवा रंग फासलेलं कापड तसं यायचं नाही. त्या जातीची फिल्म दुसऱ्या महायुद्धात लपवलेल्या तोफा हुडकायलाच बनवली होती. पर्पलला इन्फ्रारेड दिसतच नाही. शेजारच्या रानातली हिरवी शेडनेटही सोयाबीनसारखीच जांभळी आलीय. हे मला खुपतं.

पण तुझ्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तरी हिरवं कुठे असतं? तुमच्या न्हाणीघरात धुतलेला आजीचा फोटो कुणी खोटा म्हणालं का? तेव्हाही तू यावर उत्तर दिलं नव्हतंस.

एक पर्पल आणि एक कोडॅक गोल्ड, म्हणजे साधी रंगीत फिल्म, शिल्लक आहे. सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडेल, म्हणजे पर्पलवर गुलाबी. मला ते बघायचंच आहे. पर्पल १०० ते ४०० आयएसओपर्यंत, म्हणजे फिल्मचा वेग कितीही धरला तरी चालते. ४०० ला जांभळा गडद येतो, या वेळी २०० ला घेईन. गोल्ड अण्णांसाठी.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूची दहावी यंदाच ना? नवीन घराचा पत्ता कळव.

काढणीच्या आधी ये. तुझा प्रकाश मोजायचा मीटर आण, माझ्या कॅमेऱ्यातला बंद पडलाय. आणि एक ब्लॅक अँड व्हाइट रोलही आण. अण्णांचा फोटो त्यावर तूच घे, तुझ्यापुढे ते हसतात.

तुझा,
बाळ्या