बर्गंडीतले शांत रस्ते : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्यात तुम्ही इथे आलात की पाच दिवस दोघांनीच फ्रान्सच्या बर्गंडी भागात सायकलवर हिंडायचं, हे पक्कं झालं. बाबा, तुम्ही विचारलंत की शांत रस्ता आधीपासून ओळखायचा कसा. ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र सायकलच्या पिशवीत ठेवा.

फ्रान्समध्ये रस्त्याच्या नावातच बरंच कळतं. ए म्हणजे द्रुतगती मार्ग, तिथे सायकलला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, तोही टाळायचा. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, आणि खरी निवड इथेच करावी लागते. साधारणपणे डीपुढचा आकडा लहान असेल तर रहदारी जास्त आणि तीन आकडी असेल तर कमी. पण आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. डी ९८१ तीन आकडी असूनही शालों ते क्ल्युनी हा चांगलाच वाहता रस्ता आहे, आणि तुमची वाट त्याला जवळजवळ समांतर जाते. उलट डी १४ दोन आकडी असूनही कॉर्मातँच्या बाजूला निवांत आहे. म्हणून आकड्याबरोबर नकाशातला रंगही पाहा. मिशलँ कंपनीच्या छापील नकाशात लाल रस्ते मोठे, पिवळे मधले आणि पांढरे गावागावांना जोडणारे. तुमचे रस्ते पांढरे. दोन गावांमध्ये लाल आणि पांढरा असे दोन्ही रस्ते असतील तर गाड्या लाल रस्त्याने जातात आणि पांढरा आपोआप मोकळा राहतो. नदीमुळे किंवा डोंगरामुळे दोन गावांमध्ये पांढरा रस्ता एकच असेल तर मात्र सगळी वाहतूक त्याच्यावरच येते. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य आहे एवढंच समजायचं. सुट्टीच्या दिवशी त्यावर मोटारींची गर्दी असते.

नकाशात रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा दिसतील. एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. तुमच्यासाठी एक खूण ठीक. दोन दिसल्या तर उतरून सायकल ढकलायची तयारी ठेवा. तीन असतील तर दुसरा रस्ता शोधा.

आता मार्ग. शालों-स्युर-सोन ते माकों सुमारे ७० किलोमीटर आहे. त्यातला जिव्री ते क्ल्युनी हा ४४ किलोमीटरचा तुकडा १९९७ मध्ये उघडला. जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेली ही फ्रान्समधली पहिली ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे मोटारींना बंद असलेली हिरवी वाट. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून लोहमार्ग मुळातच टेकड्यांना वळसा घालून आखलेला असतो. गुडघे दुखणाऱ्यांना त्याचा फायदा आजही मिळतो. वाट डांबरी आहे. जिथे गाडीरस्ता आडवा येतो तिथे लोखंडी अडसर असतात, त्यांतून पिशव्या लावलेली सायकल अडकते. तिथे उतरायचं. वळून पार होण्याच्या नादात तोल जातो.

पहिल्या दिवशी शालोंहून जिव्री आणि पुढे ब्युसी. पाटीवर मधोमध एक्स दिसेल, पण लोक ब्युसीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी सें-जांगूवरून कॉर्मातँ. तिथे दोन रात्री राहा, कारण तिसरा दिवस खऱ्या अर्थाने रस्त्यांचा आहे. सामान खोलीवर ठेवून डी १४ ने शापेझला जा. अंतर पाच-सहा किलोमीटर. तिथल्या अकराव्या शतकातल्या चर्चचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. हाच रस्ता पुढे ब्रांसियोंच्या टेकडीवर चढतो. आई, तुझी तयारी असेल तरच वर जा. शापेझच्या आसपासचे पांढरे रस्तेसुद्धा दिवसभर पुरतील. चौथ्या दिवशी तेझेवरून क्ल्युनी. क्ल्युनीचा मठ ९१० सालचा. तिथलं तिसरं चर्च १०८८ मध्ये बांधायला घेतलं आणि रोमचं आजचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं ते सगळ्यांत मोठं चर्च होतं. आज त्याचा थोडाच भाग उभा आहे, तरी त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

पाचव्या दिवशी क्ल्युनी सोडून माकोंकडे निघाल्यावर ब्वा-क्लेरचा बोगदा लागेल, सुमारे १.६ किलोमीटरचा. वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात, मेमध्ये उघडा असतो. आत गारठा असतो, म्हणून शिरण्याआधीच जाकीट घाला आणि दोन्ही दिवे लावा. उन्हातून एकदम आत गेलं की काही क्षण काहीच दिसत नाही, तेव्हा तोंडाशी थांबून डोळे सरावू द्या.

मंगळवारी निघायचं, म्हणजे फक्त शेवटचा दिवस शनिवारी येईल. शनिवार-रविवारी या वाटेवर लहान मुलं आणि स्केटवाले खूप असतात, आणि सोमवारी खेड्यातली बरीच दुकानं बंद असतात. मेमध्ये १ आणि ८ तारखेला सुट्टी, शिवाय ॲसेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार. त्याला जोडून शुक्रवारी रजा टाकायची इथे पद्धत आहे, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत. राहण्यासाठी ‘आक्केय व्हेलो’ (सायकलवाल्यांचं स्वागत) अशी पाटी असलेली ठिकाणं घ्या. ती सायकलमार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असतात आणि सायकल कुलपात ठेवायची सोय करतात.

दुकानं साधारण १२ ते २ बंद असतात, म्हणून पाव आणि फळं अकरालाच घेऊन ठेवा. पाणी संपलं आणि गावात काहीच उघडं नसेल तर दफनभूमी शोधा. आई, मनात काही आणू नकोस. कबरींवरच्या फुलझाडांसाठी तिथे नळ असतो आणि सायकलवाले बाटल्या भरून घेतात. फक्त ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही. चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी जरूर आणा. तूप, पेढे किंवा दुधाचं काहीही आणू नका, युरोपबाहेरून सामानात ते आणायला मनाई आहे.

सायकली इथेच भाड्याने घेऊ, बॅटरीच्या. मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर मदत देत नाही. पण सायकलचं वजन २२ ते २५ किलो भरतं. रेल्वेत चढवताना आधी पिशव्या आणि बॅटरी काढा, मग दोघांनी मिळून उचला. ताब्यात घेताना तीन गोष्टी तपासा. खोगिराची उंची : टाच पॅडलवर ठेवल्यावर पाय खाली सरळ व्हायला हवा. खोगीर खाली राहिलं तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. दुसरं, टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास हवा, आणि पंपाचं तोंड ट्यूबच्या व्हॉल्व्हला बसतं का ते तिथेच लावून बघा. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ब्रेक. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, इथे डाव्या. सवयीने भलत्या हाताने करकचून दाबलात तर पुढचं चाक अडकून माणूस हँडलवरून पडतो. निघण्याआधी मोकळ्या जागेत दहा-पंधरा वेळा थांबून बघा.

रस्त्याची उजवी बाजू गर्दीत आपोआप पाळली जाते, कारण सगळे त्याच बाजूने जात असतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर : फोटोसाठी थांबलात, परत निघालात आणि डावीकडे गेलात. म्हणून थांबताना नेहमी उजव्या कडेला थांबा. आरसा डाव्या हँडलला लावा.

गावातल्या चौकात काहीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो अगदी बोळातून आला तरी. बाबा, तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात म्हणून तो थांबेल असं धरून चालू नका. तुम्हाला मागे टाकून पुढे जाताना मोटारीने गावाबाहेर तुमच्यापासून दीड मीटर लांब राहायचं असा कायदा आहे, आणि बहुतेक जण पाळतात. इअरफोन लावून सायकल चालवली तर १३५ युरो दंड होतो, तेव्हा नाट्यगीतं खोलीवर ऐका. हेल्मेट मोठ्यांना सक्तीचं नाही, तुम्ही मात्र घालायचंच. चकाकणारं जाकीट कायद्याने गावाबाहेर रात्री आणि अंधुक उजेडात लागतं, तुम्ही दिवसभर घाला.

‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की डांबरावर नुकतीच बारीक खडी पसरली आहे असं समजा. तिथे वळणावर ब्रेक दाबायचा नाही, वेग आधीच कमी करायचा. ‘रूत बारे’ म्हणजे पुढे रस्ता बंद. पायी जाणाऱ्याला कधीकधी वाट मिळते, पण पूल उखडलेला असेल तर सगळं अंतर परत यावं लागतं, म्हणून आधी गावात विचारा. द्राक्षमळ्यात फवारणी चालू असेल तर वारा कुठून येतो ते बघून दुसऱ्या बाजूने जा किंवा ट्रॅक्टर पुढे जाईपर्यंत थांबा. आईला त्या वासाने खोकला येईल.

काही झालं तर ११२ फिरवा, इंग्रजी बोलणारं कुणीतरी मिळतं. ठिकाण सांगायला कडेचा पिवळ्या टोपीचा किलोमीटरचा दगड बघा, त्यावर रस्त्याचा क्रमांक असतो. हिरव्या वाटेवर असाल तर शेवटच्या गावाचं नाव सांगा.

बाबा, येताना वाचायचा जास्तीचा चष्मा आणा. नकाशातली अक्षरं फार बारीक आहेत.

तुमची लेक