ज्यांची नावं विचारायची राहिली

परदेशात मिशनरी म्हणून राहायला लागून आता चार वर्षं होतील. उपासना, प्रवचन, घरोघरच्या भेटी हे लोकांना दिसतं. पण दिवसाचा मोठा भाग जातो तो भाषा शिकण्यात आणि कागदपत्रांत, आणि तिथे मला हात दिला तो अनोळखी माणसांनी.

व्हिसाच्या मुदतवाढीच्या रांगेत माझा अर्ज चुकलाय हे मागे उभ्या असलेल्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पर्समधलं पेन काढलं आणि एकेक रकाना बोटाने दाखवत अर्ज माझ्याकडून नव्याने भरून घेतला. त्या गडबडीत त्यांचा स्वतःचा नंबर हुकला. त्या काही बोलल्या नाहीत. बाई, मी तुम्हाला विसरलेलो नाही.

बसथांब्यावरच्या आजोबांचेही मनापासून आभार. उच्चार नीट बसेपर्यंत एकच शब्द ते माझ्याकडून रोज म्हणवून घ्यायचे. त्यांचा धर्म वेगळा, माझा वेगळा. तो विषय त्यांनी कधी मध्ये आणला नाही. इंग्रज मिशनरी विल्यम केरींनी १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं, त्यामागे वैजनाथ पंडितांची मदत होती. केरींचं नाव सगळे घेतात, पंडितांचं फार थोडे. हे मला खटकतं.

आणि मी तापाने फणफणलो होतो त्या रात्री दाराशी औषध ठेवून गेलेले शेजारी, तुम्ही कोण ते अजून कळलेलं नाही. प्रार्थनेत नाव घेता येत नाही, म्हणून रोज ‘दाराशी औषध ठेवणारे’ असंच म्हणतो.