लेक्सस दिसली, बँक रिसिट दिसलीच नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मी कराडचा. माझ्या भाच्याने व्हॉट्सॲपच्या डीपीला 1992 च्या घोटाळ्यातल्या शेअर दलालाचा, हर्षद मेहताचा फोटो लावलाय. विचारलं तर म्हणतो मामा, माणूस जिगरबाज होता, मोठ्यांनी त्याला अडकवला. पोराचा जन्म 2003 चा, 2020 ला वेबसिरीज आली तेव्हापासनं रीलवर तेच म्युझिक आणि तेच डायलॉग बघतोय, त्याला मी काय बोलणार. पण पेपरवाल्यांना बोलायचंय.

आमचे अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर होते. मार्च 1992 मध्ये त्यांनी पीएफमधून कर्ज काढून 18 हजाराचे शेअर घेतले, आयुष्यात पहिल्यांदा. कशावरनं घेतले, तर पेपरातल्या एका फोटोवरनं. हर्षद मेहता लेक्सस गाडीला टेकून उभा. तेव्हा रोज हेच यायचं, वरळीचा 15 हजार स्क्वेअर फुटाचा फ्लॅट, एसीसी सिमेंटचा शेअर दोनशेवरनं नऊ हजारावर गेला, बिग बुल. पैसा येतोय कुठनं हे कोणी विचारायचं नाही. 23 एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियामध्ये स्टेट बँकेतल्या 500 कोटींच्या गैरव्यवहाराची बातमी दिली तेव्हा कुठे लोकांना कळायला लागलं. तोवर अण्णांचे पैसे अडकले होते.

मग वारं फिरलं, कालचा हिरो एका आठवड्यात चोर. पण तेव्हासुद्धा लोकांनी वाचलं काय, तर पंतप्रधानांना एक कोटीची सुटकेस दिल्याचा त्याचा आरोप. एक बँक दुसऱ्या बँकेकडून सरकारी रोखे घेणार, हातात रोखे नाहीत, नुसती बँक रिसिट म्हणजे रोखे विकल्याची बँकेची पावती, चेक दलालाच्या खात्यात जमा, आणि तो पैसा शेअरमध्ये. एवढी साधी गोष्ट अण्णांसारख्या शिकलेल्या माणसाला समजायला दोन वर्षं लागली. आमच्या गावचं नाव असलेल्या बँक ऑफ कराडच्या खोट्या रिसिटा त्याच घोटाळ्यात निघाल्या, बँक 1992 लाच बुडाली, नंतर 1994 मध्ये बँक ऑफ इंडियाने घेतली. पण ठेवीदारांना कोणी वेबसिरीजमध्ये म्युझिक देत नाही.

सगळ्यात राग मला पुढच्या गोष्टीचा येतो. जामिनावर बाहेर आल्यावर, नव्वदच्या शेवटी, त्याच माणसाला पेपरात कॉलम मिळाला, शेअरच्या टिप्स देणारा! केसेस चालू असताना! 1998 ला बीपीएल, व्हिडिओकॉन, स्टरलाइटचे भाव पुन्हा वर नेले गेले, 2001 ला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने त्याला कायमचं बाजारातनं बाहेर काढलं. मारुती उद्योग कंपनीच्या पैशांच्या केसमध्ये 1999 ला पाच वर्षांची शिक्षा झाली होती. 31 डिसेंबर 2001 ला ठाण्याच्या जेलात असताना तो वारला. भाच्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि हे सगळं पेपरातच आलेलं आहे, फक्त आतल्या पानावर.

तुम्ही त्याला शिव्या द्या असं मी म्हणत नाही. डोकं होतंच त्याला, आणि बँकेतल्या लोकांनी दारं उघडी ठेवल्याशिवाय हे झालं नसतं हेही खरं. पण पुढच्या वेळी अशा एखाद्या उद्योगपतीवर पान काढाल तेव्हा गाडी-बंगल्याच्या शेजारी त्याने कर्ज कोणाचं घेतलंय, तारण काय ठेवलंय, तेवढं एका चौकटीत छापा, त्याच पानावर.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. शेअर सर्टिफिकेट अजून कपाटात आहेत, त्यालाच टाचणी लावून ते लेक्ससचं कात्रण. परवा भाच्याला दाखवलं, बराच वेळ बघत बसला. तुम्हाला छापायला हवं असेल तर फोटो काढून पाठवतो.

आपला, एक जुना वाचक, कराड