डॅन्यूबवर तिसरी सायकल

पुणे, रविवार

प्रिय विद्या,

सप्रेम नमस्कार. हे सगळे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस आणि हा विषय असा आहे की पहिल्याच वाक्याला तू "नाही" म्हणशील. म्हणून लिहिते आहे. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे. तर बातमी अशी की व्हिएन्ना ते बुडापेस्ट या आपल्या दोघींच्या सायकल सफरीला अविनाश येणार आहे. निदान त्याने तसे जाहीर केले आहे.

मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते आणि तो गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर मसाल्याचे डबे ठेवले होते. अविनाश पाणी प्यायला आला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, ब्रातिस्लाव्हाच्या जरा खाली बोट ठेवले आणि विचारले, "हे चुनोव्हो ना?" तेव्हाच मला कळून चुकले. आपल्याला त्या नकाशात गावे दिसतात, बेकऱ्या आणि पूल दिसतात. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला फक्त धरणे दिसतात. हळदीचा डबा बाजूला सरकवून त्याने मला कालवा दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तक्ता हजर! मुक्काम, अंतरे, सूर्यास्ताच्या वेळा, आणि "वारा" नावाचा एक वेगळा रकाना. आपण दोघींनी वर्षानुवर्षे नुसत्या गप्पांत घोळवलेली सफर त्याने एका रात्रीत निविदेसारखी मांडून टाकली.

तक्ता चांगला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा सुमारे ७० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी ग्योरपर्यंत ८० ते ९०, मग कोमारोम, मग एस्तेरगोम आणि शेवटी बुडापेस्ट, असे मिळून सव्वातीनशेच्या आसपास. डॅन्यूबचे किलोमीटर मुखाकडून वर मोजतात, त्यामुळे व्हिएन्नाला १९२९ च्या आसपास असलेला आकडा बुडापेस्टला १६४७ पर्यंत उतरतो. म्हणजे नदीची वाट २८० किलोमीटरच आहे आणि उरलेली वळणे आपल्या पदरात. पाणी चालले आहे त्याच दिशेने आपण जाणार, तेव्हा चढ नाहीच, असे तू म्हणतेस. ते खरे, पण चढ लांबून दिसतो आणि संपतो, वाऱ्याचे तसे नाही. तिथे बहुधा पश्चिमेचा वारा असतो आणि तो पाठीशी राहील, पण पूर्वेचा सुटला तर पूररोधक बांधाच्या उघड्या माथ्यावर आपली कणीक तिंबली जाईल. खंबाटकीत तू पुढे निघून गेलीस आणि वर जाऊन माझ्या वाटणीचेही सरबत प्यायलीस, हे मी विसरलेले नाही. या वेळी तशी चूल वेगळी मांडायची नाही.

आता खऱ्या काळजीकडे येते. अविनाश आला तर मला त्रास होईल, असे नाही. बत्तीस दातांत जीभ राहते, तशी मी राहीन. काळजी तुम्हा दोघांची आहे. सरदार सरोवरावरून आमच्या घरी जे झाले, ते तुला आठवत असेलच. श्रीखंडाची वाटी तशीच टाकून तू उठून गेलीस, आणि कुमुदमावशी पुढे दोन वर्षे भेटेल त्याला सांगत होती की नर्मदेचे पाणी कोथरूडपर्यंत आले. आणि आपण निवडलेला रस्ता, विद्या, नेमका कुठून जातो ते पाहा. मी नकाशा पाहत गेले तसतसा माझ्या पोटात गोळा येत गेला.

पहिल्याच दिवशी, ब्रातिस्लाव्हाच्या अलीकडे, हाइनबुर्ग लागते. तिथे जलविद्युत प्रकल्प होणार होता. १९८४ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, हजारो माणसे नदीकाठच्या जंगलात ठाण मांडून बसली, सरकारला झाडतोड थांबवावी लागली, प्रकल्प बारगळला, आणि १९९६ मध्ये त्याच जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले. आपण त्या जंगलाच्या कडेने बांधावरून जाणार. म्हणजे पहिल्या दिवशी तू बोलणार आणि अविनाश दात-ओठ खाणार.

दुसऱ्या दिवशी पारडे फिरते. चुनोव्होपाशी नदीचे बहुतांश पाणी कालव्यात वळवले आहे आणि ते गब्चिकोव्होच्या वीजकेंद्रातून जाते. चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी यांनी १९७७ मध्ये करार केला होता की गब्चिकोव्होला एक आणि खाली नाज्मारोशला दुसरे, अशी जोडधरणे बांधायची. हंगेरीत लोक विरोधात उभे राहिले, १९८९ मध्ये हंगेरीने नाज्मारोशचे काम थांबवले, तर पलीकडच्यांनी १९९२ च्या ऑक्टोबरात आपल्या हद्दीतच नदी वळवून टाकली. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये न्यायालयाने दोन्ही देशांनी कराराचा भंग केल्याचे सांगितले. अविनाशने हा निकाल मला रात्री साडेअकरा वाजता समजावून सांगितला. तूही वाचशील, आणि निकाल आपल्याच बाजूचा आहे असे तुम्ही दोघेही ठामपणे म्हणाल, याविषयी मला शंका नाही. शेवटच्या दिवशी आहे नाज्मारोश, म्हणजे न झालेले धरण, आणि नदी जिथे दक्षिणेला वळते ते सुंदर वळण, समोर विशेग्रादचा किल्ला. तिथे मला फक्त गप्प बसून काही तरी खायचे आहे. तुमच्या दोघांच्या मधे बसून ते कसे जमणार?

त्याच्या सायकलीचे वेगळेच. त्याला बॅटरीवाली हवी आहे. मी म्हटले, मग तू दमणार नाहीस आणि आम्ही दमू, हे कसे चालेल, तर म्हणाला, "मी सामान वाहीन." हा मुद्दा, खरे सांगते, माझ्या मनात घर करून बसला आहे. १६० वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि या सायकलींच्या बॅटऱ्या सहज ४००-५०० च्या असतात, त्यामुळे त्याची सायकल व्हिएन्नातच भाड्याने घ्यावी लागेल. तू तुझी निळी खोक्यात घालून नेणारच, त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण मडगार्ड काढून ठेव आणि पेडलचा पाना हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, सुरक्षा तपासणीत जाईल.

आता माझा तोडगा ऐक. दुसऱ्या दिवशी आपण फुटायचे. अविनाशने डाव्या काठाने, कालव्याच्या बांधावरून, सावलीचे झाडही नसलेल्या सरळसोट रस्त्याने गब्चिकोव्हो बघत जावे आणि मेद्वेद्योव्हच्या पुलावरून हंगेरीत यावे. आपण दोघींनी राइका, मोशोनमाज्यारोवार असे करत सिगेतकोझच्या खेड्यांतून, जुन्या नदीच्या फाट्यांच्या बाजूने जावे. दोन्ही वाटा ग्योरला पोचतात. संध्याकाळी जेवताना त्याने टर्बाइनविषयी अर्धा तास बोलावे, तू अर्धा तास बोलावेस, आणि मी घड्याळ लावीन. पहिला दिवस तुझा, दुसरा त्याचा. नाज्मारोशला मात्र धरण हा शब्द कोणी काढायचा नाही, ही माझी अट आहे आणि ती मी त्याच्याकडून लेखी घेणार आहे.

तो आल्याने एक गोष्ट सोपी झाली, ती म्हणजे व्हिसा. तिन्ही देश शेंगेनचे, त्यामुळे एकच लागतो, आणि ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. तुझ्या हट्टाखातर व्हिएन्नात कितीही रेंगाळलो तरी ग्योर, कोमारोम, एस्तेरगोम आणि बुडापेस्ट धरून हंगेरीच्याच रात्री जास्त भरतात. किमान ३०,००० युरोंच्या विम्याचे कागदही त्याने काढून ठेवले आहेत. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो, हंगेरीत फोरिंट, तेव्हा सुटे पैसे तूच सांभाळ. माझ्याकडून हिशेब होत नाही हे वाईच्या वेळी सिद्ध झाले आहे. महिन्याचे मात्र त्याने पुन्हा उकरून काढले आहे. आपण सप्टेंबर म्हणतो, तो २०२४ च्या सप्टेंबरातला डॅन्यूबचा पूर दाखवतो, तेव्हा बुडापेस्टचे घाटरस्ते पाण्याखाली होते. मी म्हटले, पूर आला तर रेल्वेने जाऊ. त्यावर त्याने "रेल्वे" असा नवा रकाना काढला.

तुझे घर रंगवून झाले का? मुक्ताचा निकाल लागला की कळव, आणि सासूबाईंच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला मी येऊन राहीन असे म्हटले होते, ते नक्की आहे. देवल सरांना भेटलीस तर माझा नमस्कार सांग.

बुधवारी अर्जासाठी वेळ ठरवायची आहे. तोवर दोन गोष्टी कळव. अर्ज तिघांचे की दोघींचे, हे तू सांगशील तसे. तुझे "नाही" आले तर अविनाशला मी सांगेन, तुझे नाव न घेता. आणि कोमारोमनंतर कोणता काठ? उजवीकडे बराच भाग मोटारींच्या रस्त्यावरून आहे. डाव्या काठाने गेलो तर श्टुरोव्होहून पूल ओलांडून समोर बॅसिलिका पाहत एस्तेरगोमला उतरता येते; तो पूल १९४४ मध्ये उडवला आणि थेट २००१ मध्ये पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यावरूनच जायचे असे तू मागे म्हणाली होतीस. अविनाशलाही डावाच काठ हवा आहे, त्याला तिथले बांध पाहायचे आहेत. हे मुद्दाम शेवटी सांगते आहे, कारण आधी सांगितले असते तर तू मत बदलले असतेस.

तुझी,
सुनंदा