सांझीच्या कातरकामाची दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पितृपक्षात आपल्याकडे शुभकार्ये थांबतात आणि वर्तमानपत्रांतली सणासुदीची पानेही रोडावतात. नेमक्या याच दिवसांत मथुरा-वृंदावनात सांझी ही कागद कातरण्याची कला देवळांत मांडली जाते. तिच्यावर आपल्या पुरवणीत सविस्तर लेख यावा, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

सांझीचा कारागीर कागदावर आधी रेखाटन करतो, कात्रीच्या टोकाने भोक पाडतो आणि मग आतून कातरत जातो. कदंबाची पाने, मोराचा पिसारा, गाईच्या गळ्यातली घंटा, सारे काही त्या एकाच कागदात असते. यातले खरे कसब मला काय कापले यापेक्षा काय राखले यात दिसते. प्रत्येक पान, प्रत्येक पीस कुठेतरी नखाएवढ्या दुव्याने उरलेल्या कागदाला धरून असावे लागते. तो दुवा एकदा तुटला की आकार गळून पडतो आणि कित्येक दिवसांचे काम वाया जाते. म्हणूनच बारीक छिद्रे आधी आणि मोठ्या मोकळ्या जागा शेवटी कापायच्या, कारण मोठी जागा आधी मोकळी केली तर कागदाचा ताण जातो आणि तो कात्रीखाली लवू लागतो. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी आयुष्यभर मुलांच्या हातात कात्री दिली, त्यामुळे हा संयम किती दुर्मीळ आहे हे मला ठाऊक आहे.

हे कातरलेले कागद म्हणजे मुळात छाप. वृंदावनातल्या राधारमण मंदिरासारख्या ठिकाणी ते एकामागून एक ठेवून त्यांवर रंगांची पूड चाळतात आणि कृष्णलीलेचे चित्र उभे राहते. काही ठिकाणी तर ते पाण्यावर तरंगते. दर्शन आटोपले की चित्र पुसले जाते, छाप मात्र जपून ठेवला जातो. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या घरांना उत्तरेतल्या मुलींनी शेणाने भिंतीवर काढलेली लोकसांझी परकी वाटणार नाही.

एक खंतही नोंदवतो. एका प्रदर्शनात ‘हातकाम’ म्हणून विकत घेतलेली चौकट मी घरी आणून भिंगाखाली पाहिली, तेव्हा प्रत्येक कडा तपकिरी, किंचित करपलेली दिसली. ते लेझरचे काम होते. यंत्राने कापलेला कागद विकायला कोणाचीच हरकत नसावी, पण तो हातकाम म्हणून विकला गेला की मथुरेतल्या कारागिराच्या मेहनतीची किंमत यंत्राच्या भावाला येऊन बसते. हाताने कातरलेल्या दोन पाकळ्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. ग्राहकाने एवढे पाहिले तरी फसवणूक बरीच कमी होईल.

चीनमधील कागदकातरणाला २००९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. आपल्या सांझीचे निदान छायाचित्र तरी मराठी वाचकांपर्यंत पोहोचावे. लेखात कारागिराच्या हातातली कात्री अगदी जवळून दिसेल असे एक मोठे छायाचित्र अवश्य असावे, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक, नाशिक