बाबांचं कार्ड शोधून ठेवा

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

आई फोनवर म्हणाली, बाबा जिन्यात मध्येच थांबून खिशात किल्ली शोधतात. किल्ली तर खुंटीला असते. बाबा, दम लागतो ना?

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट इथल्या डॉक्टरांना दाखवला. 2011 साली हृदयात बसवलेला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, कडक झालाय. तुम्ही म्हणता फुकट गेला, पण जनावराच्या पडद्याचा व्हॉल्व्ह 10-15 वर्षंच चालतो हे तेव्हाच सांगितलं होतं. धातूचा टिकला असता. पण उसात रोज कोयता लागतो, रक्त पातळ करायची गोळी जन्मभर नको, हे तुमचंच म्हणणं. तेच आज कामाला आलं. धातूच्या व्हॉल्व्हमध्ये दुसरा बसवता येत नाही, त्याच्या चकत्या आड येतात. तुमच्यात बसू शकतो. छाती परत उघडायची नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून मिटवलेला व्हॉल्व्ह वर नेतात आणि जुन्याच्या कड्यातच उघडतात. आई, तुझे फडताळातले डब्यात डबे असतात ना, तसं.

आणि हा नवा प्रयोग नाही. नळीतून महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाचा) व्हॉल्व्ह पहिल्यांदा बसवला तो फ्रान्समध्ये, डॉ. क्रिबिए यांनी, 2002 साली. तुमच्या ऑपरेशनच्याही आधी!

धोका आहेच, लपवत नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या पाकळ्या बाजूला सरकून हृदयाच्याच रक्तवाहिन्यांचं तोंड दाबू शकतात. पक्षाघाताचीही थोडी भीती असते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून अंतरं मोजतात. त्यात डाय, म्हणजे रंगाचं औषध, देतात, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी तपासून घ्या. या कामात कधीकधी हृदयाची वायरिंग दबते आणि पेसमेकर लागतो. तुमच्याकडे तो आधीच आहे, त्यामुळे ती एक काळजी कमी. फक्त आधी तपासून घ्यावा लागेल.

अडलंय ते जुन्या व्हॉल्व्हच्या कार्डावर, ज्यावर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं. डिस्चार्जच्या कागदावर नुसतं '21' आहे. 21 नंबर म्हणजे आतून 21 मिलिमीटर नव्हे, त्याहून कमी. किती कमी ते कंपनी आणि मॉडेलवर ठरतं. आतली जागा फार अरुंद असेल तर दुसरा बसूनही दम राहील, म्हणून डॉक्टर कार्डाशिवाय पुढे बोलत नाहीत. आई, लोखंडी कपाटात पासबुकांची पिशवी आहे, त्यात बघ. पेसमेकरचंही तिथेच असेल. दोन्हींचे दोन्ही बाजूंनी फोटो पाठवायला शेजारच्या पोराला सांग.

मी शनिवारी रात्री येते. बाबा, स्टँडवर घ्यायला येऊ नका, मी रिक्षा करीन.

तुमची,
बेबी