भोवळ येते म्हणून नर्सिंगचा नाद सोडू नका

महोदय,

रक्त काढताना भोवळ येणाऱ्या मुलामुलींना नर्सिंगला जाण्याआधीच परावृत्त केले जाते, नाहीतर ‘दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड’ असे सांगितले जाते. हा सल्ला इतर भीतींवर ठीक असेल, इथे मात्र तो उलटा पडतो.

कुत्र्याची किंवा उंचीची भीती वाटली की छाती धडधडते, रक्तदाब चढतो आणि चढलेलाच राहतो. त्यामुळे अशा भीतीने सहसा कोणी कोसळत नाही. रक्त आणि सुईच्या भीतीत दाब आधी चढतो, मग व्हेगस नर्व्ह या हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूमुळे नाडी मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब धाडकन उतरतो. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. अशा वेळी अंग सैल सोडणे म्हणजे दाब आणखी उतरवणे.

यावर स्नायू आवळण्याचा व्यायाम आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ओस्ट यांनी 1980 च्या दशकात तो मांडला. खुर्चीत बसून दंड, पोट, मांड्या आणि पोटऱ्या एकदम घट्ट आवळायच्या. श्वास रोखायचा नाही. दहा-पंधरा सेकंदांत चेहऱ्याला ऊब जाणवली की सोडायचे, पण नेहमीच्या स्थितीपर्यंतच, गळून जाईपर्यंत नव्हे. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा, असे पाच वेळा. एक-दोन आठवडे दिवसातून काही वेळा हे केले की शरीराला सवय लागते. रक्त आपलेच काढले जात असेल तर तो हात तेवढा सैल ठेवायचा, कारण आवळलेल्या हातात सुई घालणे अवघड जाते.

जांभया, घाम, मळमळ, कानात गुणगुण, डोळ्यांपुढे अंधारी या खुणा ओळखायला शिका. आवळायला सुरुवात पहिल्या जांभईलाच करायची, अंधारी आल्यावर उशीर झालेला असतो.

सोबत पायऱ्या चढाव्यात: आधी फोटो, मग व्हिडिओ, रिकामी सिरिंज हातात धरणे, दुसऱ्याच्या दंडाला टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून आवळायचा पट्टा) बांधताना पाहणे, शेवटी प्रत्यक्ष शीर शोधणे. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागली की पुढची. उपाशीपोटी जाऊ नका, आधी दोन ग्लास पाणी प्या, गुडघे ताठ करून एका जागी उभे राहू नका. अनेकांना बघताना भोवळ येते, पण स्वतः रक्त काढताना लक्ष शिरेवर खिळते आणि त्रास कमी होतो.

सुई रुग्णाच्या हातात टोचलेली असताना खुणा दिसल्या, तर शौर्य नको. शेजारच्याला हाक मारा, टूर्निकेट सोडा, कापूस ठेवून सुई काढा, ती सुयांच्या डब्यात टाका आणि लगेच खाली बसा. टूर्निकेट आधी, सुई नंतर. घाईत क्रम चुकला तर हात काळानिळा होतो. कोणी पडलेच तर आडवे करून पाय उंच करा, दहा-पंधरा मिनिटे उठवू नका.

धावताना, छातीत धडधडून किंवा काहीच खूण न होता शुद्ध हरपत असेल, अथवा घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांकडून ईसीजी करून घ्यावा.

नर्सिंग शिक्षकांना विनंती, हा व्यायाम पहिल्या प्रात्यक्षिकाच्या दोन आठवडे आधी शिकवा. रक्त काढायच्या टेबलाशी विद्यार्थ्यासाठीही एक खुर्ची ठेवा आणि बसून सुई टोचली म्हणून गुण कापू नका.

— नर्सिंग प्रशिक्षक